आमचा टॅक्स कॅम्डेनला का जातो?

ऊनपाऊस

परवा आमच्या टाउनशिपच्या शाळा-बजेटची सुनावणी झाली. एरवी तिथे बोर्डाचे सदस्य, दोन-तीन निवृत्त आजोबा आणि कंटाळलेला कॅमेरावाला, एवढीच गर्दी असते. यंदा राज्याची मदत घटलीय, पाचवीचा बँड आणि तीन शिक्षक जाणार असं कळल्यामुळे कॅफेटेरियात उभं राहायला जागा नव्हती. माइकच्या रांगेत माझ्या पुढे एक आपलेच गृहस्थ होते. ते म्हणाले, "मी वर्षाला सोळा हजार प्रॉपर्टी टॅक्स भरतो. हे गाव आम्ही शाळेसाठी निवडलं. मग माझे पैसे कॅम्डेनला का जातात?" (कॅम्डेन म्हणजे आमच्याच न्यू जर्सीतलं एक गरीब शहर.) टाळ्यांचा कडकडाट. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

घरी येऊन टॅक्सचं बिल काढलं. ठळक रकाने तीन: शाळा, गाव, काउंटी. कॅम्डेनचा रकाना कुठेच नाही. सोळा हजारांतला निम्म्याच्या आसपासचा भाग आपल्याच गावच्या शाळांत जातो. कॅम्डेनला जातो तो राज्याच्या तिजोरीतला पैसा, मुख्यतः इन्कम टॅक्स. आणि न्यू जर्सीत इन्कम टॅक्स आला तोच मुळी या भांडणातून. १९७३ साली रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्या मुलांना नीट शिक्षण देण्याची घटनेतली जबाबदारी राज्याची आहे, ती गावोगावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर ढकलून चालणार नाही. विधिमंडळ तीन वर्षं चालढकल करत राहिलं. शेवटी १९७६ च्या जुलैत न्यायालयाने शाळांवर खर्च करायलाच मनाई केली. उन्हाळी वर्ग बंद पडले आणि आठ-दहा दिवसांत इन्कम टॅक्स मंजूर झाला! इतकी वर्षं मी तो भरतेय, पण हे माहीत नव्हतं.

तर प्रश्न असा. श्रीमंत आणि गरीब डिस्ट्रिक्टमधल्या सरकारी शाळांना राज्याने पैसे कसे वाटावेत, म्हणजे ते न्याय्य म्हणता येईल? सगळ्यांना डोई सारखे? गरिबाला जास्त? की ज्याचं त्याने बघावं?

पारावरून

मी भारतातून वाचतो, त्यामुळे एक बाळबोध शंका. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा का? आणि शाळा सरकारी असेल तर गावागणिक पैसे वेगळे कसे?

ऊनपाऊस

जिल्हा नाही हो. शाळांपुरती आखलेली हद्द. कधी ती गावाएवढी, कधी काउंटीएवढी, कधी चार गावांची मिळून. देशात अशा तेरा हजारांच्या आसपास आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला आपला स्वतःचा टॅक्स लावायचा हक्क. शाळेच्या एकूण खर्चात ढोबळमानाने थोडा कमी निम्मा राज्याचा, थोडा कमी निम्मा स्थानिक, उरलेला एक दशांशाच्या आसपासचा केंद्राचा. स्थानिक म्हणजे मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्स. जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत, इतकं सरळ. हवाई तेवढं अपवाद, तिथे अख्ख्या राज्याचा एकच डिस्ट्रिक्ट.

हिशोबनीस

टेक्सासमधून लिहितोय. या विषयावर आमच्याइतका छळ कुणी सोसला नसेल, म्हणून लांबलचक प्रतिसादाबद्दल आधीच माफी.

१९६८ मध्ये सॅन अँटोनियोतल्या एजवुड भागातल्या पालकांनी खटला भरला. त्यातले आकडे मी प्रत्येक पार्टीत लोकांना ऐकवतो, बायको कंटाळलीय. एजवुडमध्ये एका विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची. त्याच शहरातल्या अ‍ॅलामो हाइट्समध्ये ४९,००० च्या वर. एजवुडचे लोक शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर दराने कर भरत होते, अ‍ॅलामो हाइट्सचे ०.८५ ने. गरिबांचा दर जास्त. त्या जास्त दरातून राज्याच्या योजनेतला आपला वाटा भरून एजवुडच्या हातात विद्यार्थ्यामागे उरत होते २६ डॉलर. अ‍ॅलामो हाइट्सच्या हातात ३३३.

आता राज्य काय करत होतं ते बघा. एजवुडला देत होतं २२२ आणि अ‍ॅलामो हाइट्सला २२५! तीन डॉलर जास्त, श्रीमंताला. केंद्राचे पैसे धरूनही बेरीज ३५६ विरुद्ध ५९४.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पालक ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, असा निकाल. न्यायाधीश थर्गुड मार्शल यांचं मत निकालाच्या विरोधात होतं. तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांच्या न्यायालयांत चालते, कारण शिक्षणाची जबाबदारी राज्यांच्या घटनांमध्ये लिहिलेली आहे.

आमच्याकडे दुसरा एजवुड खटला १९८९ ला निकाली लागला. तोवर सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात गरीब डिस्ट्रिक्टमधलं मालमत्तेचं प्रमाण ७०० ला १ झालं होतं. या वेळी राज्याचं न्यायालय एकमताने गरिबांच्या बाजूने. मग १९९३ मध्ये कायदा आला, कागदोपत्री नाव रिकॅप्चर, लोकांच्या तोंडी 'रॉबिन हूड'. ठरावीक मर्यादेच्या वरचा स्थानिक पैसा राज्याकडे जमा करायचा. म्हणजे ऊनपाऊस, तुमच्या त्या गृहस्थांचं वाक्य न्यू जर्सीत चूक असलं तरी टेक्सासात बरोबर ठरलं असतं. इथे प्रॉपर्टी टॅक्स खरंच हद्दीबाहेर जातो.

उंटावरचा शहाणा

अख्ख्या धाग्यात एक गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून मीच काढतो. पैशाने शाळा सुधारतात हे गृहीत कुठून आलं?

कॅन्सस सिटी, मिसुरी. १९८० च्या दशकात तिथल्या केंद्रीय न्यायाधीशाने कर वाढवायला लावून पैसे ओतले. साधारण दोन अब्ज डॉलर. नव्या इमारती, तारांगण, ऑलिंपिक मापाचा तलाव, पाण्याखालून बघायला काचेची खोली. गुण तिथेच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकाराला लगाम घातला. त्याआधी १९६६ च्या कोलमन अहवालातही हेच होतं की मुलाच्या यशात घराचा वाटा शाळेपेक्षा मोठा.

आणि कॅम्डेनमध्ये विद्यार्थ्यामागचा खर्च आमच्या कित्येक उपनगरांपेक्षा जास्त आहे. तरी निकाल बघा. आपण रात्री अकरापर्यंत मुलांचा अभ्यास घेतो, त्याचे पैसे कोण देतं?

माजघर

+१ शेवटच्या वाक्याला. बाकीच्याला नाही.

खडूफळा

उंटावरून खाली उतरा जरा. :)

मी अशाच एका डिस्ट्रिक्टमध्ये चौथीला शिकवते. राज्य आणि शाळा सांगत नाही, नोकरी प्यारी आहे. माझ्या वर्गात २६ मुलं. त्यातली नऊ इंग्रजी आत्ता शिकतायत. सहांना विशेष शिक्षणाचा आराखडा लागू आहे. यंदा सप्टेंबरपासून चार जणं आली आणि पाच गेली, कारण भाडं परवडलं नाही की कुटुंब हलतं. इमारत जुनी. जानेवारीत रेडिएटर इतका तापतो की बाहेर बर्फ असताना आम्ही खिडक्या उघडतो, खिडकी वर राहात नाही म्हणून तिच्याखाली जाड शब्दकोश उभा करून ठेवलाय. तो शब्दकोश लागला तर मुलं विचारतात, "मिस, थंडी सोसायची की गरम?" कागद महिन्याला दोन रिम. पंचवीस तारखेनंतर मी घरून आणते.

तुम्ही म्हणता खर्च जास्त. असेल. पण तो पैसा कशात जातो ते विचारा. विशेष शिक्षणाचा शिक्षक, दुभाषा, समुपदेशक, जुन्या छपराची गळती, दरवर्षी सोडून जाणाऱ्या शिक्षकांच्या जागी नव्यांचं प्रशिक्षण. माझ्या शेजारच्या वर्गाला तीन वर्षांत चौथी शिक्षिका आहे. आमच्याकडे दोन वर्षं अनुभव घेतला की उपनगरात आठ-दहा हजार जास्त पगारावर जाता येतं. मीसुद्धा दोनदा फॉर्म भरलाय, मग नाही पाठवला.

कॅन्सस सिटीतून मी एवढंच घेते की तलाव बांधू नका. कागद द्या, शिक्षक टिकवा.

उंटावरचा शहाणा

उतरलो. कागदाचं पटलं. पण विदा दाखवा, एका वर्गाची कथा म्हणजे पुरावा नाही.

हिशोबनीस

विदा आहे. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांचा २०१६ मधला अभ्यास. न्यायालयाच्या आदेशामुळे ज्या डिस्ट्रिक्टांचा पैसा वाढला तिथली मुलं मोठी होईपर्यंत त्यांनी माग काढला. शाळेच्या बाराही वर्षांत खर्च १० टक्के जास्त असेल तर मोठेपणी वेतन सुमारे ७ टक्के जास्त, आणि गरीब घरांतल्या मुलांत परिणाम अधिक ठळक. कोलमन अहवाल एका वेळचं छायाचित्र होतं. गरीब मुलांच्या शाळांना मुद्दाम जास्त पैसा दिला जात असेल, तर छायाचित्रात पैसा जास्त आणि गुण कमीच दिसणार. आयसीयूत खर्च जास्त आणि मृत्यूही जास्त, म्हणून आयसीयू मारतो असं आपण म्हणत नाही.

माजघर

आता कॅलिफोर्नियाची रामकहाणी.

आमच्याकडे सेरानो खटला, १९७१. बाल्डविन पार्क विरुद्ध बेव्हर्ली हिल्स. बाल्डविन पार्कचा कराचा दर ५.४८, बेव्हर्ली हिल्सचा २.३८, आणि खर्च मात्र बेव्हर्ली हिल्समध्ये विद्यार्थ्यामागे दुपटीहून जास्त. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही. छान. मग १९७८ मध्ये लोकांनी प्रपोझिशन १३ पास केलं. प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या १ टक्क्यावर गोठवला, करासाठीची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, घर विकलं तरच नवी किंमत. माझ्या शेजारच्या आजी सत्तरच्या दशकापासून तिथे आहेत. तेच घर, तीच बाग, कर माझ्या दहाव्या भागाहून कमी. खूप गोड आहेत, लिंबं पाठवतात, म्हणून काही बोलता येत नाही.

स्थानिक कर आटला तसा शाळांचा कारभार राज्याच्या हातात गेला. काही जण म्हणतात, सेरानोमुळेच लोकांनी प्रपोझिशन १३ ला मत दिलं: माझा कर माझ्या शाळेला मिळणारच नसेल तर भरू कशाला? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण माणसाचा स्वभाव म्हणून मला पटतं. तुमच्या सुनावणीत टाळ्या पडल्या त्या याच वाक्याला ना?

२०१३ मध्ये जेरी ब्राउन गव्हर्नर असताना नवं सूत्र आलं. प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम. मूल गरीब घरातलं, इंग्रजी शिकणारं किंवा फॉस्टर केअरमधलं असेल तर त्यावर २० टक्के. आणि डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर असतील तर वरच्या मुलांमागे आणखी. हे मला आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण पैसा मुलाच्या गरजेमागे जातो.

पण पळवाट आहेच. ज्या डिस्ट्रिक्टचा प्रॉपर्टी टॅक्सच सूत्रातल्या रकमेपेक्षा जास्त भरतो, त्यांनी वरचा पैसा स्वतःकडे ठेवायचा. पालो आल्टो त्यातलंच. शिवाय पालकांची फाउंडेशनं. मी जिथे राहते तिथे शाळा सुरू व्हायच्या आधी मेल येते: प्रत्येक मुलामागे 'सुचवलेली देणगी' अमुक. ऐच्छिक. पहिल्या वर्षी आम्ही दिली नाही, तर मुलाच्या वर्गातल्या एका आईने बागेत गोड आवाजात विचारलं, "काही अडचण आहे का?" दुसऱ्या दिवशी नवऱ्याने चेक पाठवला. त्यातून संगीत, विज्ञानाची वेगळी शिक्षिका, ग्रंथपाल. वीस मिनिटांवरच्या शाळेत ग्रंथपाल नाही. त्यांना अशी मेल पाठवायला कुणी नाही.

पारावरून

म्हणजे सरकारी शाळेला डोनेशन. वा! आपल्याकडच्या शाळांवर लिहायला हात शिवशिवतायत, पण त्याला वेगळा धागा काढतो, नाहीतर हा भरकटेल.

ऊनपाऊस

काढाच. वाचते.

सूत्रावरून आमच्याकडचं सांगते, गेले चार दिवस हेच वाचतेय. १९९० च्या अ‍ॅबट निकालाने २८ गरीब शहरी डिस्ट्रिक्ट ठरवले, पुढे ते ३१ झाले. राज्याने त्यांना श्रीमंत उपनगरांइतका खर्च करता येईल अशी भर घालायची. १९९८ मध्ये तिथल्या तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी बालवाडी आली: वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, एक प्रशिक्षित शिक्षक, एक मदतनीस. २००८ पासून सूत्र राज्यभर एकच. आधी मुलांच्या गरजेवरून खर्च ठरवायचा, त्यात गरीब घरातलं मूल एक न धरता सुमारे दीड धरायचं. मग गावाची मालमत्ता आणि रहिवाशांचं उत्पन्न बघून गावाचा वाटा ठरवायचा. उरेल ते राज्याने द्यायचं.

म्हणजे सूत्र असं विचारतं: तुम्ही भरू शकता किती? गंमत ही की त्या ३१ मध्ये होबोकनही होतं. १९९० मध्ये ते गरीबच होतं. आज तिथे एका बेडरूमचं भाडं विचारून बघा.

आणि जर्सी सिटी. उंच इमारती उभ्या राहिल्या, मालमत्ता वाढली, सूत्र म्हणालं, आता तुम्हीच भरा. २०१८ च्या कायद्याने राज्याची मदत टप्प्याटप्प्याने कापायला सुरुवात झाली. पण त्यातल्या कित्येक इमारतींना शहराने करसवलत दिलेली, तिथे मालक कराऐवजी ठरलेली रक्कम भरतो, ती शहराला जाते, शाळेला नाही. श्रीमंती कागदावर, शाळेचा खिसा तोच. शेवटी शाळांसाठी पगारावर वेगळा कर बसवावा लागला.

आमचंही थोडं तसंच निघालं. आमच्या गावात मुलं कमी होतायत, घरं महागतायत, म्हणून मदत घटली. त्यात वर्षाला २ टक्क्यांहून जास्त कर वाढवायचा तर मतदान घ्यावं लागतं. बँड जातोय तो या कात्रीत सापडून. कॅम्डेनने नेलेला नाही.

हिशोबनीस

मी म्हणतो तेच. आकडे वाचले की शत्रू बदलतो.

आमच्या रॉबिन हूडचं एक पाप सांगायचं राहिलं. सगळ्यात जास्त रिकॅप्चर भरतं कोण? ऑस्टिन. तिथली निम्म्याच्या आसपास मुलं गरीब घरांतली. जमिनीचे भाव वाढले, मुलं श्रीमंत झाली नाहीत. दुसऱ्या टोकाला ग्लेन रोज, छोटंसं गाव, पण शेजारी अणुवीज केंद्र, त्यामुळे कागदावर गडगंज. आणि घरांच्या किमती वाढल्या की रिकॅप्चरचा पैसा वाढतो, तेवढा राज्य स्वतःच्या तिजोरीतला हात आखडता घेतं. म्हणजे ऑस्टिनच्या पैशाने एजवुडला एक डॉलर जास्त मिळेलच असं नाही, राज्याचा एक डॉलर वाचतो. ह्यूस्टनच्या मतदारांनी २०१६ मध्ये रिकॅप्चर भरायला नकार दिला. राज्य म्हणालं, मग तुमच्या काही इमारतीच करासाठी दुसऱ्या डिस्ट्रिक्टला जोडतो. २०१७ मध्ये मुकाट होकार दिला.

म्हणून माझं मत: शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पैसा नेऊ नका. त्याने माणसं एकमेकांवर गुरगुरतात आणि विधिमंडळ मजा बघतं. मिशिगनने १९९४ मध्ये केलं तसं करा, शाळांचा मुख्य पैसा राज्याच्या कराने गोळा करा. त्यांनी विक्रीकर ४ चा ६ टक्के केला आणि प्रॉपर्टी टॅक्स खाली आणला.

उंटावरचा शहाणा

आणि मंदी आली की विक्रीकर आटतो, मग? प्रॉपर्टी टॅक्स निदान स्थिर असतो. राज्याच्या हातात सगळं दिलं की एका खराब वर्षात सगळ्यांचंच वाटोळं.

हिशोबनीस

हे मान्य. मंदीत पहिला मार गरीब डिस्ट्रिक्टना बसतो, कारण तेच राज्यावर जास्त अवलंबून. म्हणून निम्मा पाया प्रॉपर्टी टॅक्सचा असावा, पण तो राज्यभर एकाच दराने. एवढं झालं तरी एजवुडचा १.०५ आणि अ‍ॅलामो हाइट्सचा ०.८५ हा तमाशा संपतो. मला चीड येते ती त्याची. ज्याच्याकडे कमी तो जास्त दराने भरतो, आणि वर त्याला ऐकवायचं की तुम्हाला शिक्षणाची किंमत नाही.

खडूफळा

शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून एक रिम.

पेन्सिल्व्हेनियाचं कुणी काढलं नाही. तिथे ५०० डिस्ट्रिक्ट. २०१४ मध्ये खटला भरला, फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल लागला की व्यवस्था घटनाबाह्य आहे. आठ वर्षांहून जास्त. खटला भरला तेव्हा चौथीत असलेलं मूल तोवर बारावीत पोचलं.

माजघर

माझा नवरा म्हणतो, एवढं सगळं खरं, पण घर घेताना तू रेटिंग बघितलंस की नाही? बघितलं. झिलोवर, म्हणजे घरविक्रीच्या साइटवर, आधी शाळेचा दहापैकी आकडा, मग घर. नऊच्या खाली उघडलंसुद्धा नाही. ते रेटिंग म्हणजे बरंचसं तिथल्या पालकांचं उत्पन्नच असतं हे मला तेव्हाही कळत होतं. घराला दोन लाख जास्त दिले ते सरकारी शाळेची फी म्हणून, फक्त पावतीवर तसं लिहिलं नव्हतं.

उंटावरचा शहाणा

आणि ते दोन लाख घराच्या किमतीत अडकलेत म्हणूनच हद्द हलवायची म्हटली की सगळे रस्त्यावर येतात. सूत्र कितीही बदला, त्या रेषेला कुणी हात लावत नाही. या एका मुद्द्यावर मी तुमच्या सगळ्यांपेक्षा डावीकडे आहे, याची नोंद घ्यावी.

हिशोबनीस

नोंद घेतली. स्क्रीनशॉटही.

ऊनपाऊस

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुनावणीतले ते गृहस्थ काल इंडियन ग्रोसरीत भेटले, कोथिंबिरीपाशी. मी ओळख काढली आणि टॅक्सच्या बिलाचे तीन रकाने, १९७६ चा जुलै, घटलेली मदत, जर्सी सिटीच्या इमारती, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जुडी पिशवीत टाकली.

"हे सगळं तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले, "तर त्या दिवशी माझ्या मागे उभं राहून टाळ्या कशाला वाजवत होतात?"